शटलचं विंड टनेल मॉडेल: लिलावात काय बघून घ्यावं

स्पेस शटलच्या ऑर्बिटरचं (पंख असलेल्या मुख्य यानाचं), विंड टनेलमध्ये म्हणजे हवेच्या झोतात चाचणी घ्यायच्या बोगद्यात वापरलेलं 0.015 स्केलचं मॉडेल घेण्याजोगं आहे, पण आधी शेपटीकडून बघा. मूळ यान 37 मीटरचं, म्हणजे हे साधारण 56 सेंटिमीटर भरायला हवं. मागे स्टिंगचं (मॉडेल टनेलमध्ये धरून ठेवणाऱ्या दांड्याचं) भोक, आत हवेचं बल मोजणाऱ्या बॅलन्स या उपकरणाची पोकळी, एलेव्हॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वेगवेगळ्या कोनांत बसवायची सोय, या खऱ्या खुणा. पृष्ठभागावरचा हवेचा दाब मोजायच्या मॉडेलवर त्यासाठी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात. ती बुजवू नका.

नाकाजवळ खरखरीत पट्टा दिसला तर तो गंज समजू नका. पृष्ठभागालगतचा हवेचा थर मुद्दाम खवळवायला तिथे बारीक कण चिकटवलेले असतात. पॉलिश मारलंत की मॉडेलचा पुरावाच गेला!

भरीव धातूच्या मॉडेलला अ‍ॅक्रिलिकचा स्टँड पुरत नाही. स्टिंगच्याच भोकात स्टीलचा दांडा बसवा. हलकं, चकचकीत, भोक नसलेलं मॉडेल बहुधा प्रदर्शनाचं. त्याला चाचणीचा भाव देऊ नये.