सेल्फ जुनाच, ब्रेक मात्र नवे: छोटी ग्वालटोलीतल्या एका दुकानाबद्दल

इंदूरमध्ये माझी मारुती इको ही जेवणाच्या डब्यांची गाडी आहे. लोकमान्य नगरातून दुपारी निघते आणि भंवरकुव्याला कोचिंगच्या पोरांच्या होस्टेलांमध्ये डबे पोचवते. दर दोन इमारतींनंतर गाडी बंद करायची, डबे उतरवायचे, परत चालू करायची. हायवेवर धावणाऱ्या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर, दिवसभरात जेवढा फिरतो, त्याच्या कितीतरी पट माझा जेवणाच्या एका वेळेत फिरतो. तेव्हा इंजिन ठणठणीत असताना सेल्फने मान टाकली, यात नवल नाही. चावी फिरवली की नुसतं ‘टक’. दिवे लख्ख, हॉर्न जोरात, म्हणजे बॅटरी ठीक होती.

आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने सरळ सांगितलं, कंपनीचा नवा टाका, साडेपाच हजार. मी सेल्फ काढून घेतला आणि सरवटे बसस्टँडजवळ छोटी ग्वालटोली गाठली. तिथे पार्ट्सच्या दुकानांची रांगच आहे. त्यातल्या सेल्फ-डायनेमोचं काम करणाऱ्या एका लहानशा दुकानाबद्दल हे लिहिते आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, पार्ट आवळून धरायचा एक शिकंजा, मागे लेथ आणि फळीवर रुपेरी रंग मारलेले ‘तयार’ सेल्फ.

हे तयार सेल्फ म्हणजे रिकंडिशन, जुनेच दुरुस्त करून ठेवलेले. आपला जुना पीस देऊन लगेच मिळतात. मोह होतोच, कारण अर्ध्या तासात गाडी चालू. पण रंगाखाली काय आहे ते कोणी सांगावं? कुठल्या गाडीतून निघाला, किती फिरला, आत काय बदललं, काही कळत नाही. गंमत म्हणजे दुकानदार चाचांनीच मला थांबवलं. “दीदी, जल्दी हो तो ये ले जाओ. पर आपका वाला कंपनी का है, पहले खोल के देख लेते हैं.” इथेच दुकानाला माझे अर्धे गुण मिळाले.

उघडल्यावर माझ्यासमोर एकेक गोष्ट दाखवली. कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले. बुश झिजल्याने आर्मेचर (आतला फिरणारा भाग) घासत होतं. सोलेनॉइडचे, म्हणजे चावी फिरवल्यावर मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट काळे पडलेले, म्हणूनच नुसतं ‘टक’ व्हायचं. बेंडिक्सचे (इंजिनाला फिरवणाऱ्या गिअरचे) दात मात्र शाबूत आणि वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, जळलेलं नव्हतं. हे शेवटचं महत्त्वाचं. वाइंडिंग जळलं असतं तर मी नवाच घेतला असता, कारण पुन्हा गुंडाळलेलं वाइंडिंग कसं निघेल ते गुंडाळणाऱ्याच्या हातावर असतं. ब्रश, बुश, सोलेनॉइड नवे टाकले आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) लेथवर साफ करून घेतला. पाट्याला टाकी लावून घेतात, पाटा फेकत नाहीत, तसंच हे. बिल झालं 1,900 रुपये. बदललेले जुने तुकडे पिशवीत घालून हातात दिले, ते मी मागितलेही नव्हते.

आता तक्रारी. संध्याकाळी देतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिला, तेवढ्या वेळचे डबे रिक्षाने गेले. बिल साध्या कागदावर, सहा महिन्यांची गॅरंटी हाताने लिहिलेली. सोलेनॉइड आधी लोकल बसवत होते. मी हटकल्यावर शेजारून ब्रँडेड आणला आणि फरक लावला. विचारलं नसतं तर लोकलच गेला असता, हे निश्चित.

म्हणून काय सगळंच रिकंडिशन घ्यायचं? मुळीच नाही. माझ्या दिरांनी त्यांच्या गाडीत रिकंडिशन क्लच टाकला होता. प्लेटला नवं लायनिंग रिव्हेट केलेलं, दिसायला छान. पण ती प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा जोर गेलेला. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, असं झालं. सेल्फ दोन बोल्टांवर निघतो. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि ती मजुरी दोनदा भरली की वाचलेले पैसे कधीच पाण्यात गेलेले असतात.

ब्रेकबद्दल तर मी वादच घालत नाही. बाजारात जुन्या शूजवर नवं लायनिंग चिकटवून मिळतं, स्वस्तही असतं. सेल्फ बंद पडला तर गाडी जागेवर उभी राहते. ब्रेक गेला तर ती उभी राहत नाही. शूज, पॅड, व्हील सिलिंडर, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट हे सगळं नवं आणि पक्क्या बिलावर. नव्यातही डुप्लिकेट असतं. पाकीट मारुतीसारखं दिसलं म्हणजे माल मारुतीचा असं नाही. होलोग्राम, एमआरपीचं लेबल बघा आणि जीएसटीचं बिल मागा. बिल म्हटल्यावर दुकानदाराने “फिर रेट बदल जाएगा” म्हटलं की मी पुढच्या दुकानात जाते.

आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या बऱ्याच पार्ट्सवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. मेकॅनिक कधीकधी पाठ असलेल्या जुन्या भावानेच नव्या पार्टची किंमत सांगतात आणि मग रिकंडिशन फार स्वस्त वाटतो. काउंटरवर जाऊन आजचा भाव विचारा, फरक बराच कमी निघू शकतो. अल्टरनेटरच्या (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनेमोच्या) बाबतीत माझा हिशेब असा आहे की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून वर गेला तर नवा. दुरुस्त करून घेतलाच तर गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावायला सांगा. 14 व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे. 13 च्या खाली असेल तर पैसे देऊ नका.

दुकानाला पाचपैकी साडेतीन. वेळ पाळली असती तर चार दिले असते. जाणार असाल तर गाडी घेऊन जाऊ नका, बसस्टँडच्या गर्दीत लावायला जागा मिळत नाही. पार्ट काढून स्कूटरवर न्या, अकराच्या आत पोचा आणि पार्ट उघडून दाखवेपर्यंत तिथेच उभे राहा.