पन्हाळ्यावर बहिरी ससाणा बघायचाय: ८×४२ दुर्बीण घ्यावी की स्पॉटिंग स्कोप?

८×४२ म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण; स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्यानं बघायची, जास्त पटीची दुर्बीण. दोन्ही घेण्याइतका खिसा असेल तर प्रश्नच मिटला. एकच घ्यायचं असेल आणि बघायचा तो मुख्यतः कोल्हापूरजवळच्या कड्यांवरचा ससाणा, तर दोन्ही वापरून झालेलं मत सांगतो.

बसलेल्या पक्ष्यासाठी स्कोपला तोड नाही. हिवाळी पाहुणा बहिरी आणि सह्याद्रीतला शाहीन (बहिरीचीच इथे कायम राहणारी उपजात) यांतला ढोबळ फरक दुर्बिणीतूनही कळतो. शाहीनचं पोट तांबूस, डोक्यावरची काळी टोपी सरळ गालावरच्या मिशीत उतरलेली. पाहुण्याचं पोट पांढरट, मिशी बारीक. पण पोटावरच्या रेघा आडव्या (प्रौढ) की उभ्या (पहिल्या वर्षाचा), हे ३०० मीटरवरून खात्रीनं सांगायला ३०-४० पट लागते. डिसेंबर ते एप्रिल हा शाहीनच्या विणीचा काळ. तेव्हा लांब राहून घरट्याची नोंद ठेवायची असेल तर निमूट स्कोप घ्या.

घोडं अडतं ते कठड्यापाशी. सज्जाकोठीच्या बाजूला आपण कड्याच्या माथ्यावर आणि ससाणा बऱ्याचदा आपल्या खाली. कठड्यावरून खाली बघायचं तर ट्रायपॉड कठड्याहून बराच उंच हवा. पाय पूर्ण उघडूनही पुरत नाही, मग मधली दांडी वर काढायची, आणि ती काढली की पन्हाळ्याचा वारा आहेच. ४० पटीला चित्र असं थरथरतं की मिशीच काय, चोचही ओळखू येत नाही. दांडीला पिशवी टांगावी तर तीही झुलते. आयपीस (डोळा लावायचा भाग) तिरका असेल तर खाली बघताना टाचा उंचावून उभं राहायचं. (फिरायला आलेली मंडळी ट्रायपॉडच्या पायांत अडखळतात ते वेगळंच.) नऊ-साडेनऊनंतर कातळ तापला की चित्र नुसतं लहरतं, वारा असो वा नसो.

दुर्बिणीला कोपर कठड्यावर टेकलं की झालं. १००० मीटरवर ८×४२ मध्ये साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, स्कोपमध्ये २० पटीला जेमतेम ३५-४०. ससाणा उडाला की हाच फरक नडतो. पारव्यांचा थवा एकदम फुटला तर थव्याकडे बघू नका, दुर्बीण त्याच्या वर न्या. ससाणा सूर मारतो तो वरून. समोरच्या पावनगडाच्या उतारावर आधीच फोकस करून ठेवलात तर चाक फिरवण्यात वेळ जात नाही. वरून बघताना पाठ दिसते, तीही कामाची: विटकरी निघाली तर खरूची (दुसरा, छोटा ससाणा), गडद राखाडी आणि शेपटीच्या मुळाशी फिकट असेल तर आपला पक्षी. पंख आखूड, गोलसर आणि शेपटी लांब असेल तर शिक्रा हा वेगळाच शिकारी पक्षी समजा.

संध्याकाळी पाकोळ्यांमागे लागलेला शाहीन बघायचा तर उजेडही मोजावा लागतो. ८×४२ मधून डोळ्यात सव्वापाच मिलिमीटरचा झोत येतो; ६० मिलिमीटरच्या स्कोपमधून २० पटीला ३, ६० पटीला फक्त १. १०×४२ चा मोह अनेकांना होतो, पण वाऱ्यात हाताची थरथर तेवढीच जास्त दिसते.

प्रत्येकाची गरज वेगळी हे मान्य, तरी पहिली खरेदी म्हणून माझा कौल दुर्बिणीला. स्कोप आधीच घरात असेल तर तो गडावर न चढवता खालून, कडा समोर दिसेल अशा जागी सकाळी लावा. शिटेचे पांढरे ओघळ असलेली कपार आधी साध्या डोळ्यांनी हेरा, मग २० पटीवरून हळूहळू वाढवा. तिथे मान वर करून बघायचं असल्यानं तिरका आयपीसही सोयीचा पडतो.