डोंगरातली शरद सहल: एकाच हॉटेलात तळ की रोज नवा मुक्काम?

पानगळीच्या दिवसांत गाडी घेऊन डोंगरात जायचं ठरलं की पहिला वाद हॉटेलांवरून होतो. एक जण म्हणतो, एकाच ठिकाणी खोली घेऊ, रोज तिथून भटकून येऊ. दुसऱ्याला त्याच रस्त्याने परत यायचा कंटाळा, त्याला पुढे पुढे जात राहायचं असतं. दोघांचंही पटण्यासारखं आहे. पण हा निर्णय बहुतेक जण किलोमीटर मोजून घेतात आणि तिथेच आखणी फसते. या ऋतूत मोजायचा तो उजेड आणि उंची.

आधी उजेड. शरद संपाताच्या, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास दिवस सर्वांत वेगाने आखडतो. ४५ अंश अक्षांशाजवळ आठवड्याला वीसेक मिनिटं जातात. त्यात दरी अरुंद असेल तर मोबाइलवर दिसणाऱ्या सूर्यास्ताच्या कितीतरी आधी ऊन डोंगराआड गेलेलं असतं. रोज हॉटेल बदलणाऱ्यांची सकाळ आवराआवरीत जाते: पलंगामागचा चार्जर शोधा, बॅगा गाडीत रचा, हिशेब मिटवा. बहुतेक ठिकाणी दहा-अकराला खोली सोडायची असते आणि पुढची दुपारी दोन-तीनच्या आत मिळत नाही. मधले तास सगळं सामान गाडीत. वाटेत पायवाट दिसली तरी गाडी सोडून लांब जायला मन धजत नाही.

एकाच जागी तळ ठोकणाऱ्यांची सकाळ मोकळी असते, पण संध्याकाळ परतीच्या घाटात जाते. इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीला एका बाजूने ४८ हेअरपिन वळणं आहेत. ती चढून त्याच दिवशी तशीच उतरायची, तेही झाडीच्या टप्प्यात ओल्या पानांवरून, हा प्रत्येकाच्या हौसेचा भाग नव्हे. पाहायच्या जागा दीड तासापलीकडे असतील तर एकाच तळाचा हट्ट सोडावा, असं माझं मत.

रंगांच्या बाबतीत मात्र तळवाल्यांचं पारडं जड आहे, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. पानांचा रंग उंचावरून खाली उतरत येतो. दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटतं, त्यामुळे वरची झाडं आधी रंगतात. अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे सुमारे २०० मीटरपासून १,८४५ मीटरपर्यंत चढतो. तिथे माथ्यावरचे रंग ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरात येतात, तर पायथ्याला महिनाअखेर उजाडते. म्हणजे मधल्या उंचीवर मुक्काम असेल तर रंग पुढेमागे झाले तरी त्या दिवशी वर जायचं की खाली, एवढंच ठरवायचं. महिनाभर आधी सहा गावांची बुकिंग करून ठेवणाऱ्याला ही मुभा नसते. एखाद्या गावी तो पोचतो तेव्हा पानं हिरवीगार असतात, किंवा सगळी खाली पडलेली.

हवामानाचंही तेच. उंच खिंडीत पहिला बर्फ पडला की रस्ता बंद होतो. कॅलिफोर्नियातली ३,०३१ मीटर उंचीची टिओगा खिंड साधारण नोव्हेंबरात बंद होते, कधी त्याआधीही. तळवाला खिंडीचा बेत परवावर ढकलतो. रोज मुक्काम बदलणाऱ्या साखळीवाल्याची एक कडी तुटली की पुढची सगळी बुकिंग कोलमडतात, वळसा शेकडो किलोमीटरचा पडतो. म्हणून खिंड ओलांडूनच जायचं असेल तर खिंडीपलीकडची पहिली रात्र आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच घ्यावी, थोडी महाग पडली तरी.

मग मुक्काम बदलणं केव्हा शहाणपणाचं? प्रवास ३,००० मीटरच्या वर जाणार असेल तेव्हा. तिथे रंगांपेक्षा शरीराचं ऐकावं लागतं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणं त्यातल्या त्यात सोसतं, पण थेट उंचावर तळ टाकला तर पहिली रात्र डोकेदुखीत आणि मळमळीत जाऊ शकते. त्या उंचीनंतर झोपायची जागा रोज ५०० मीटरहून अधिक वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा एक दिवस ठेवावा, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. टप्प्याटप्प्याने वर सरकणाऱ्या मुक्कामांत तो आपोआप पाळला जातो, फक्त टप्पे त्या हिशेबाने आखलेले हवेत.

तळ कुठे टाकायचा, हाही प्रश्न उरतोच. नदीकाठचं हॉटेल फोटोत देखणं दिसतं. पण रात्री निरभ्र आकाश असलं की थंड, जड हवा उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. सकाळी तिथे धुकं, आणि गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ पापुद्रा. तो खरवडूनच काढायचा. गरम पाणी ओतलं तर काच तडकू शकते. त्याच वेळी शे-दोनशे मीटर वर, उताराच्या मध्यावर, हवा थोडी उबदार असते आणि बऱ्याचदा धुकं खाली राहिलेलं असतं. रात्री जेवायला बाहेर जाऊन तो चढ पुन्हा गाठायचा नसेल, तर मी उतारावरचं हॉटेल घेईन. गाडी विजेवर चालणारी असेल तर रात्रभर चार्जिंगची सोय आधी पाहीन, कारण थंडी आणि चढ दोन्ही बॅटरी खातात.

चार रात्रींपर्यंतच्या सहलीला एकच तळ पुरतो. आठवडा हाताशी असेल तर मी दोन तळ घेते: तीन रात्री एका दरीत, तीन दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्या उंचीत सातआठशे मीटरचा फरक. हंगामाच्या सुरुवातीला रंग वर असतात, म्हणून वरचा तळ आधी. अतिउंचावर मात्र क्रम उलटा, खालचा आधी.

बुकिंग करण्यापूर्वी हॉटेलला फोन करून विचारा, त्या आठवड्यात स्वयंपाकघर आणि खोल्यांचे हीटर चालू असतील का. उन्हाळी गर्दी ओसरल्यावर आणि बर्फाचा हंगाम सुरू होण्याआधी डोंगरातली बरीच हॉटेलं अर्धवट मिटलेली असतात. खोली मिळते, पण जेवायला रात्री घाट उतरून खालच्या गावात जावं लागतं.