पट्टी बिघडली की कोणता डेस्कटॉप लवकर सावरतो: ग्नोम, प्लाझ्मा की एक्सएफसीई?

लिनक्सवर पट्टी, मेनू आणि खिडक्या दाखवणारा डेस्कटॉप म्हणून ग्नोम घ्यावा, केडीई प्लाझ्मा घ्यावा की एक्सएफसीई, हे ठरवताना बहुतेक जण दिसणं आणि रॅम एवढंच बघतात. मी एका वाचनालयातले सात संगणक सांभाळतो आणि मला येणारे फोन वेगळ्याच जागेचे असतात. आयकॉन दिसत नाही, एकच आयकॉन दोनदा दिसतोय, घड्याळ अडकलंय, पट्टीच गायब झाली. म्हणून डेस्कटॉप निवडताना मी आता आधी एवढंच विचारतो: आयकॉनची पट्टी कोसळली तर तिच्यासोबत आणखी काय काय कोसळतं?

एक्सएफसीईमध्ये फारसं काही कोसळत नाही. पट्टी हा तिथे स्वतंत्र प्रोग्राम आहे. खिडक्या सांभाळणारा वेगळा, डेस्कटॉपवरची चित्रं दाखवणारा वेगळा. शिवाय आवाज, बॅटरी, व्हिस्कर मेनू (प्रोग्रामांची यादी) असे बरेच प्लगइन, म्हणजे पट्टीत बसणारे छोटे जोड-प्रोग्राम, पट्टीच्या बाहेर आपापल्या प्रक्रियेत चालतात. त्यातला एखादा पडला की पट्टी चालूच राहते आणि विचारते, हा प्लगइन अचानक गेला, पुन्हा सुरू करू का? माझ्या मते तिन्हींत हीच रचना सगळ्यात शहाणी आहे. कोण पडलं ते नावानिशी कळतं, शोधाशोध करावी लागत नाही. पट्टीच गेली तर आल्ट आणि एफ-२ दाबून तिचं नाव टाइप करायचं, ती परत येते. उघड्या फाइलींना धक्का लागत नाही.

एक खाचखळगा मात्र इथेही आहे आणि त्यात माझी एक अख्खी दुपार गेली. पट्टीची मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये असते. ती मी हाताने दुरुस्त केली, लॉगआउट करून परत आलो, तर जुनाच बिघाड समोर. एक्सएफकॉन्फ नावाची सेवा सगळ्या सेटिंग मेमरीत धरून बसते आणि आपण केलेल्या बदलावर जुनं परत लिहिते. आधी पट्टी आणि ही सेवा बंद करायची, मगच फाइलला हात लावायचा. आणि दर लॉगिनला पट्टी गायबच राहत असेल, तर पट्टी नसतानाचं सत्र जतन झालेलं असतं. जतन केलेली सत्रं पुसली की काम होतं.

प्लाझ्मामध्ये पट्टी, वॉलपेपर आणि सगळे विजेट (घड्याळासारखे छोटे जोड-प्रोग्राम) प्लाझ्माशेल या एकाच प्रक्रियेत राहतात. त्यामुळे नेटवरून उतरवलेला एक वाईट विजेट पूर्ण पट्टी खाली ओढू शकतो. पण खिडक्या केविन या वेगळ्या प्रोग्रामकडे असतात, म्हणून प्लाझ्माशेल पडला तरी अर्धवट लिहिलेलं पत्र शाबूत राहतं, आणि सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या युजर सेवेतून तो पुन्हा उभा करता येतो. दुखणं सुरू होतं ते दुरुस्तीत. सगळ्या पट्ट्या आणि विजेट एकाच मोठ्या फाइलमध्ये क्रमांकांनी नोंदवलेले असतात. कोणता क्रमांक कशाचा हे वाचता वाचता डोळे थकतात. प्रोजेक्टर जोडला की पट्टी भलत्याच पडद्यावर जाण्याची तक्रार जुनी. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.२७ मध्ये अनेक पडद्यांची व्यवस्था नव्याने बांधली गेली, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती असेल तर आधी ती बदला. २०२४ च्या फेब्रुवारीत प्लाझ्मा ६ आला, तेव्हा जुने विजेट नव्याने बनवावे लागले. आवडता विजेट असेल तर तो ६ वर आहे का, हे बघूनच अपग्रेड करा.

ग्नोमचं गणित उलटं आहे. मूळ ग्नोममध्ये कायम दिसणारी आयकॉनची पट्टी नाहीच, डॅश, म्हणजे आयकॉनची ओळ, फक्त अ‍ॅक्टिव्हिटीज हा आढावा-पडदा उघडल्यावर दिसतो. मोडायला कमी, म्हणून मोडतंही कमी. अडचण एक्स्टेन्शनपासून, म्हणजे ग्नोमला वरून जोडलेल्या छोट्या भागांपासून, सुरू होते. डॅशची कायमची पट्टी करणारं डॅश टू डॉक, ट्रेचे (मागे चालू असलेल्या प्रोग्रामांचे) आयकॉन परत आणणारी एक्स्टेन्शन, ही सगळी ग्नोम शेल या ग्नोमच्या मुख्य प्रोग्रामच्या आतच चालतात. पडद्यावर खिडक्या काढायच्या लिनक्समध्ये दोन पद्धती, जुनी एक्स-११ आणि नवी वेलँड. वेलँडवर शेल हाच खिडक्यांचाही कारभारी, त्यामुळे तो पडला की पूर्ण सत्र जातं, उघड्या प्रोग्रामांसकट. एक्स-११ वर नुसता शेल पुन्हा सुरू करता येत असे, वेलँडवर ती सोय नाही. त्यात दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्नोम ४५ आला तेव्हा एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली आणि एक्स्टेन्शन लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपला कोड सुधारावा लागला. उबुंटूचा डॉक उबुंटूच सांभाळतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

आता दोनदा दिसणाऱ्या आयकॉनबद्दल, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. पट्टीवर पिन केलेला आयकॉन दाबला की प्रोग्राम उघडतो, पण शेजारी त्याचा दुसरा आयकॉन उगवतो. चालू खिडकी आपली एक ओळख सांगते, एक्स-११ वर विंडो क्लास, वेलँडवर अ‍ॅप आयडी. पट्टी ती ओळख डेस्कटॉप फाइलच्या (प्रोग्रामचं नाव, आयकॉन वगैरे नोंदवलेल्या छोट्या फाइलच्या) नावाशी किंवा फाइलमधल्या स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास या ओळीशी जुळवून बघते. जुळली नाही की पट्टीला तो परका प्रोग्राम वाटतो. खरी ओळख शोधायला ग्नोममध्ये लुकिंग ग्लास हे त्याचं अंगभूत तपासणी-साधन उघडून विंडोज टॅब बघा. प्लाझ्मात विंडो रूल्समध्ये खिडकीचे गुणधर्म ओळखायचं बटण आहे. मग डेस्कटॉप फाइलची प्रत आपल्या होममधल्या लोकल शेअर अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरात ठेवा आणि ती ओळ तिथे दुरुस्त करा. मूळ फाइल बदलू नका, पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल. प्रत करताना फाइलमधली मराठी नावाची ओळ, म्हणजे नेमपुढे चौकटी कंसात भाषेचा कोड असलेली, चुकूनही उडवू नका. मेनूत मराठी नाव तिच्यामुळेच दिसतं. एक्सएफसीईच्या नेहमीच्या पट्टीत लाँचर आणि खिडक्यांची बटणं मुळातच वेगळी असतात, त्यामुळे तिथे दोन दिसणं हा बिघाड नव्हे.

मराठी टंकलेखनासाठी ग्नोम पुढे आहे. भाषा बदलायची खूण वरच्या पट्टीतच अंगभूत आहे. एक्सएफसीईत ती आयबस या टंकलेखनाची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामच्या ट्रे-आयकॉनवर अवलंबून, आणि तो दिसेनासा झाला की आयबस पुन्हा सुरू करावा लागतो.

तुम्ही दुसऱ्यांचे संगणक फोनवरून सांभाळत असाल तर एक्सएफसीई घ्या. स्वतःच्याच यंत्रावर मनासारखी पट्टी हवी असेल आणि दुरुस्तीला वेळ असेल तर प्लाझ्मा ६. एक्स्टेन्शनशिवाय चालणार असेल तर ग्नोम, आणि चालणार नसेल तर ग्नोमचा नाद सोडा. वाचनालयात मी एक्सएफसीई ठेवला आहे. पॅनेल प्रोफाइल्स या एक्सएफसीईच्या साधनातून पट्टीच्या मांडणीची प्रत काढून ती पेनड्राइव्हवर ठेवली आहे, आणि ग्रंथपालबाईंना ती परत कशी चढवायची हे एकदा समोर बसून दाखवलं आहे.