पेठेतलं घर ठेवावं की वाघोलीत फ्लॅट घ्यावा?

पुणे सोडायचं नाही एवढं पक्कं आहे. पण नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठ या भागातलं राहतं घर ठेवायचं, की वाघोली-खराडीकडे गेट आणि वॉचमन असलेल्या सोसायटीत जायचं, हा विषय हल्ली बऱ्याच घरांत जेवताना निघतो. माझा कल पेठेकडे आहे. तरी काही घरांना मी स्वतःहून ‘निघा’ म्हणेन. ती कुठली, ते पुढे सांगते.

आधी भीतीचं बोलू. १ सप्टेंबर २०२४ च्या रात्री नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांना गोळ्या घालून आणि कोयत्याने वार करून मारलं. वर्षभराने, ५ सप्टेंबर २०२५ ला, विसर्जन तोंडावर असताना त्याच पेठेत एका इमारतीच्या पार्किंगमध्ये आधीच्या खुनातल्या एका आरोपीच्या मुलाला गोळ्या घातल्या. त्या गल्लीत राहणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. मात्र दोन्ही प्रकरणांची मुळं एकाच नात्यागोत्यातल्या वैरात होती. आणि हे पेठेपुरतंच आहे असंही समजू नका. कोथरूडच्या सुतारदऱ्यात ५ जानेवारी २०२४ ला भरदुपारी गुंड शरद मोहोळचा खून झाला, तोही त्याच्या सोबत वावरणाऱ्यांच्या हातून. टोळीचं वैर बहुतेक वेळा ठरलेल्या माणसाला शोधत येतं. तुमचा त्या वर्तुळाशी संबंध नसेल, तर घर बदलण्याचा निर्णय केवळ या बातम्यांवरून घेऊ नका.

बाकीच्यांना भोवतं ते वेगळंच. दहशत बसवायची म्हणून रात्री पाच-सहा पोरं कोयते नाचवत येतात आणि रस्त्याकडेच्या गाड्या फोडत जातात. पेठेत पार्किंग म्हणजे रस्ता. ज्याची रिक्षा किंवा टेम्पो हेच पोट आहे, त्याची काच फुटली की दोन-तीन दिवसांची कमाई गेली, वर दुरुस्ती. सोसायटीत गाडी गेटच्या आत असते. या एका बाबतीत वाघोली सरळ उजवी.

रस्त्यावरून पायी जाण्याचं मात्र उलट आहे. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत सकाळी भर रस्त्यात एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. तिला वाचवलं ते तिथे असलेल्या तरुणांनी. जिवाची पर्वा न करता त्यांनी हल्लेखोराला धरलं. जवळच्या पेरुगेट चौकीत त्या वेळी हजर नसलेल्या पोलिसांवर नंतर निलंबनाची कारवाई झाली. तिला वाचवणाऱ्या त्या पोरांबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो. पेठेत रस्ता सहसा पूर्ण ओस पडत नाही: अमृततुल्य, दूधवाला, मंडळाचा कट्टा, ओट्यावर बसलेल्या आजी. वाघोलीत गेटच्या आत उजेड आणि कॅमेरे असतात, पण नगर रस्त्यावरच्या बसथांब्यापासून गेटपर्यंतचा पट्टा, बांधकामाचे पत्रे आणि रिकामे प्लॉट यांच्यामधून जाणारा, तो कुणाचाच नसतो. घरातली मुलगी रात्री कंपनीच्या कॅबने गेटपर्यंत येणार असेल तर चिंता कमी. पीएमपीने येऊन पुढे चालणार असेल, तर फ्लॅट बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. कामाच्या दिवशी रात्री दहाला त्याच बसने जाऊन चालून बघा.

पोलिसांचं थोडक्यात: नाना पेठेला समर्थ ठाणं जवळ आहे. वाघोली पूर्वी लोणीकंद ठाण्याकडे होती, २०२४ मध्ये तिथे स्वतंत्र ठाणं झालं. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर दोन्हीकडे लागतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. घरात तेरा ते सतरा वर्षांचा मुलगा आहे का? कोयता घेऊन पकडलेल्यांत अल्पवयीन मुलं वारंवार सापडतात. त्यांना हाताशी धरण्यामागे हिशेब असतो: अठराच्या आतल्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. २०१५ च्या कायद्याने सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालू शकतो, पण तेही मंडळाने आधी तपासणी केल्यानंतरच. सुरुवात साधी असते. भाईच्या वाढदिवसाला कोयत्याने केक कापायचा, त्याचं रील टाकायचं, कुणाची तरी गाडी फिरवायला मिळते. पोराचा कट्टा बदलला असेल, शाळा बुडत असेल, खिशात कुठून आले ते न सांगता येणारे पैसे असतील, तर भाड्याने का होईना, पण निघा. मार खाण्यापेक्षा टोळीत ओढला जाण्याचा धोका मोठा आहे, आणि अंतराचा इथे खरंच उपयोग होतो. मुलं लहान असतील किंवा घरात फक्त म्हातारी माणसं असतील, तर मी पेठ सोडू देणार नाही. रात्री छातीत दुखलं तर आईला उचलून खाली आणायला इथे चार घरं उठतात.

शेवटचं, पैशाचं. पेठेतली बरीच घरं पागडीची आहेत, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्यात राहण्याचा हक्क घेतलेली. पागडी सोडली की ती खोली आणि वाडा पाडून नवी इमारत झाली तर मिळणारा हक्क, दोन्ही गेले. सोडताना मिळालेल्या पैशात मध्यवस्तीत परत येणं जवळपास अशक्य. म्हणून जायचंच ठरलं, तरी पहिलं वर्ष वाघोलीत भाड्याने राहा आणि पेठेतल्या खोलीचं भाडं दर महिन्याला पावती घेऊन भरत राहा. खोली नुसती कुलूपबंदही ठेवू नका. सलग सहा महिने विनाकारण बंद राहिली तर मालकाला खाली करून मागायला निमित्त मिळतं. घरातलं कुणीतरी तिथे राहू द्या, आणि आधी वकिलाला विचारा.