जालन्यात राहून क्रिप्टो वॉलेट: खर्चाला फिनिक्स, साठवणीला ट्रेझर सेफ ३

मी जालन्यात घरूनच वेबसाइट बनवण्याचं काम करते. दर महिन्याला जमेल तसं थोडं बिटकॉइन घेत आले. गेले बरेच महिने ते दोन ठिकाणी ठेवते: फोनवर फिनिक्स नावाचं ॲप आणि ट्रेझर सेफ ३ हे छोटं यंत्र. एकाच वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो सांभाळणाऱ्या एकाच ॲपमध्ये किंवा यंत्रात, खर्च आणि साठवण ही दोन्ही कामं होत नाहीत का, असं ओळखीचे लोक विचारतात. होतात, पण करू नयेत, असं माझं मत आता पक्कं झालंय. का, ते सविस्तर लिहिते. मराठीत या विषयावर ‘टॉप टेन वॉलेट’ छापाचंच जास्त सापडतं आणि त्यात वापरून पाहिलेलं फार थोडं असतं.

आधी एक्स्चेंजचं, म्हणजे क्रिप्टो जिथून विकत घेतो त्या कंपनीचं. एक्स्चेंजच्या ॲपमध्ये आकडा दिसतो, पण नाणी हलवण्याची चावी, म्हणजे गुप्त संकेत, त्यांच्याकडे असते. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि सगळ्याच ग्राहकांची नाणी वर्षाहून जास्त काळ अडकून पडली. आपल्या भागातल्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. मल्टिस्टेट पतसंस्थांच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभे राहिलेले ठेवीदार आपण सगळ्यांनी पाहिलेत. एक्स्चेंज हे खरेदी-विक्रीचं ठिकाण आहे. खरेदी झाली की माल आपल्याकडे आणायचा.

आता रोजचा खर्च. खरं सांगायचं तर जालन्यात बिटकॉइन देऊन काही मिळत नाही. मोंढ्यातला व्यापारी, भाजीवाली, पेट्रोल पंप, सगळीकडे यूपीआय आहे आणि ते उत्तम चालतं. बिटकॉइन हे कायदेशीर चलनही नाही. माझा खर्च होतो तो ऑनलाइन कामाचा: वेबसाइटसाठी डोमेनचं नाव, व्हीपीएन (इंटरनेटवर आपली ओळख झाकणारी सेवा), एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरला छोटी देणगी. डोमेन विकणारी नेमचीप ही कंपनी २०१३ पासून बिटकॉइन घेते. मुलवाडचं व्हीपीएन महिन्याला ५ युरो आहे आणि तेही घेतं. एवढ्या छोट्या रकमा बिटकॉइनच्या मुख्य साखळीवरून, म्हणजे जिथे प्रत्येक व्यवहार कायमचा नोंदला जातो तिथून, पाठवणं परवडत नाही. २० एप्रिल २०२४ ला हाविंगच्या, म्हणजे नवी बिटकॉइन निघण्याचं प्रमाण निम्मं होण्याच्या, दिवशी तर एका व्यवहाराची सरासरी फी १०० डॉलरच्या वर गेली होती. एरवी ती बरीच कमी असते, पण कधी वाढेल याचा नेम नसतो. म्हणून खर्चाच्या वॉलेटला लाइटनिंग, म्हणजे छोट्या रकमा झटकन आणि स्वस्तात पाठवायची बिटकॉइनवरची वेगळी सोय, लागतेच.

लाइटनिंगच्या वॉलेटमध्ये दोन प्रकार आहेत. वॉलेट ऑफ सातोशीचं नेहमीचं खातं उघडायला सोपं, पण त्यात चावी त्यांच्याकडे, म्हणजे पुन्हा तीच मल्टिस्टेट. फिनिक्समध्ये चावी आपल्याच फोनवर राहते आणि बारा शब्दांत तिची नक्कल मिळते. पाठवताना ०.४ टक्के आणि वर ४ सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग) एवढी फी जाते, ती आधीच कळते. पैसे एक-दोन सेकंदांत पोचतात. मला खटकलं ते सुरुवातीचं: पहिल्यांदा पैसे घेताना चॅनल, म्हणजे लाइटनिंगवर पैसे ये-जा करायचा आपला मार्ग, उघडण्याची फी कापली जाते, त्यामुळे पाचशे रुपये टाकून ‘बघू जरा’ म्हणणाऱ्याला आल्याआल्याच रक्कम कमी झालेली दिसते. एकदम थोडी मोठी रक्कम घ्या, मग हे जाणवत नाही. मी त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवत नाही. फोन बसमध्ये चोरीला गेला तरी झोप उडणार नाही, एवढंच. आणखी एक, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं: तेच बारा शब्द घालून फिनिक्स एकाच वेळी दोन फोनांवर चालवायचं नाही. फोन बदलताना जुन्यावरचं आधी बंद करा.

कुणी यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं, वापरत असेल तर वॉलेट वेगळं लागेल, ट्रस्ट वॉलेटसारखं. तिथे नेटवर्क, म्हणजे नाणं कुठल्या साखळीवर आहे ते, नीट बघा. ट्रॉन नावाच्या साखळीवरचं यूएसडीटी पाठवायला फी सहसा ट्रॉनच्याच नाण्यात लागते, ते नाणं नसेल तर समोर शिल्लक दिसत असूनही काही हलत नाही.

खर्चाच्या बाबतीत कुठल्याच वॉलेटनं न सांगितलेली गोष्ट म्हणजे कर. बिटकॉइन देऊन काही विकत घेतलं की कायद्याच्या दृष्टीनं ते बिटकॉइन तुम्ही विकलेलं असतं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. सहाशे रुपयांना घेतलेलं बिटकॉइन हजाराचं झाल्यावर त्यातून डोमेन घेतलं, तर चारशेच्या नफ्यावर १२४ रुपये ८० पैसे कर. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही. दोन नाण्यांची अदलाबदल केली तरी तेच. स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवणं ही मात्र विक्री नव्हे. फिनिक्समध्ये व्यवहारांची यादी मिळते, पण मूळ खरेदी कितीची होती ते त्याला कुठून कळणार? म्हणून मी एक साधी वही ठेवली आहे: तारीख, किती सातोशी, त्या दिवशीचा रुपयातला भाव, कशासाठी. जुलैमध्ये रिटर्न भरताना व्हीडीएच्या (आभासी डिजिटल मालमत्तेच्या) तक्त्यात हेच लागतं. खर्चाचं वॉलेट निवडताना दिसण्यापेक्षा यादी नीट बाहेर काढता येते का, हे आधी तपासा.

साठवणीच्या यंत्रासाठी लेजर नॅनो एक्स आणि ट्रेझर सेफ ३ यांत मी बरेच दिवस विचार केला. नॅनो एक्स दिसायला छान, ब्लूटूथ आहे, फोनला लगेच जोडता येतं. पण ब्लूटूथ म्हणजे आत बॅटरी. पाच-सात वर्षं कपाटात पडून राहणाऱ्या वस्तूत बॅटरी कशाला? मे महिन्यात इथं पत्र्याखालच्या खोलीत काय तापतं ते सांगायला नको. ट्रेझरमध्ये बॅटरीच नाही, केबल लावली की चालू. दुसरं म्हणजे ट्रेझरच्या आतलं सॉफ्टवेअर जाणकारांना तपासायला खुलं आहे, लेजरचं पूर्ण खुलं नाही. २०२३ मध्ये लेजरनं चावीचे तुकडे करून तीन कंपन्यांकडे ठेवण्याची ऐच्छिक सेवा आणली, तेव्हा बऱ्याच जुन्या ग्राहकांचा विश्वास डळमळला. मला दोन्हीतलं साधं यंत्र हवं होतं.

ट्रेझर सेफ ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये ७९ डॉलरला आलं. आपल्या हाती पडेपर्यंत आयातीचा खर्च चढून ते बरंच महाग पडतं. तरी अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, कुणाचं वापरलेलं घेऊ नका. खोक्यात शब्द आधीच लिहिलेला कागद निघाला तर यंत्राला हातही लावू नका, तो सरळ सापळा आहे. आणि पार्सल घराच्या पत्त्यावर मागवू नका. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावं, फोन, पत्ते फुटून इंटरनेटवर आले होते. कुणाच्या घरी क्रिप्टो आहे याची यादी कुठल्याही कंपनीकडून फुटू शकते.

वापरताना यंत्राचा पडदा फार लहान वाटतो आणि दोनच बटणं असल्यानं सगळं हळू होतं. साठवणीच्या वॉलेटला हे चालतं. उलट ज्यावर नाणी पाठवायची तो अक्षर-आकड्यांचा लांबलचक पत्ता सावकाश वाचला जातो. हल्ली चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता बनवतात, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं तीच, आणि त्यावरून चिल्लर पाठवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसतात. तुम्ही पुढच्या वेळी यादीतून कॉपी केलंत की रक्कम चोराला. म्हणून पत्ता लॅपटॉपवर न बघता यंत्राच्या पडद्यावर, मधल्या अक्षरांसकट जुळवायचा.

चावीच्या नकलेसाठी सुरुवातीला यंत्र वीस शब्दांची नवी पद्धत सुचवतं. मी जुनी चोवीस शब्दांची निवडली, कारण ते शब्द दुसऱ्या बहुतेक कंपन्यांच्या वॉलेटमध्येही चालतात. ट्रेझर कंपनी उद्या राहिली नाही तरी माझं अडू नये.

हे चोवीस शब्द म्हणजेच सगळं. यंत्र हरवलं, फुटलं, तर नवं आणता येतं. शब्द गेले की संपलं. कागदाला वाळवी आहे, ओल आहे, आग आहे. म्हणून स्टीलवर ठोकायचं ठरवलं, आणि त्यासाठी जालन्यासारखं गाव नाही! परदेशी कंपन्या यासाठी तयार पाट्या विकतात, त्यांची किंमत बघून मी सरळ एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेसच्या दोन जाड पट्ट्या कापून आणल्या. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांच्या पंचचा सेट मिळतो, ए पासून झेड पर्यंत. भांड्याच्या दुकानात डब्यांवर नाव टाकून देणारं मशीन असतं, तिथं पाच मिनिटांत झालं असतं. पण ते शब्द दुकानदारानं वाचले म्हणजे ते त्याचेही झाले. स्वतःच ठोकायचं, दार लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. फोटो तर काढायचाच नाही. फोटो आपोआप कुठल्या तरी क्लाउडवर जाऊन बसतो.

स्टेनलेस कडक असतं. फरशीवर ठेवून ठोकलं तर फरशी फुटते आणि अक्षर उमटत नाही. खाली ऐरण किंवा लोखंडाचा जाड ठोकळा पाहिजे, पंच सरळ धरायचा आणि जड हातोडीचा एकच घाव घालायचा. दोन घाव घातले की अक्षर दुहेरी दिसतं. एम उलटा धरला की डब्ल्यूसारखा होतो, म्हणून पंचच्या एका बाजूला आधी खडूनं खूण करून घ्या. पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही. यादीत एकूण २०४८ इंग्रजी शब्द आहेत आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो. तीन अक्षरांचा शब्द आला तर पुढे एक आडवी रेघ. प्रत्येक शब्दाआधी त्याचा क्रमांक ठोकायला विसरू नका, क्रम चुकला तर शब्द असूनही उपयोग नाही.

पट्ट्या दोन केल्या, दोन वेगळ्या जिल्ह्यांत ठेवल्या. कुठे ते अर्थातच लिहीत नाही. दोन का, तर माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या भागातली जाड दगडमातीची घरं माणसांवर बसली. मामा सांगतात, जे वाचले त्यांच्याकडे अंगावरचे कपडे होते, बाकी कागद, पासबुकं, सगळं ढिगाऱ्यात. सातबारा तहसीलमधून पुन्हा निघाला, पासबुक बँकेनं नवं दिलं. या चोवीस शब्दांची नक्कल देणारं तहसील कुठंच नाही. भूकंप दूरचा वाटत असेल तर २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या किती घरांत पुराचं पाणी शिरलं ते आठवा.

सगळी रक्कम हलवण्याआधी एक काम केलं आणि ते प्रत्येकानं करावं असं मी हात जोडून सांगते. यंत्रात थोडेच पैसे ठेवले, मग यंत्र पूर्ण पुसून टाकलं आणि धाकट्या भावाच्या हातात पट्टी दिली. म्हटलं, मी नाही असं समज आणि पैसे परत आण. मी शेजारी बसले, बोलले नाही.

“ताई, शब्द अर्धेच कामून टाकलेत?”

मी गप्पच. त्यानं पहिली तीन अक्षरं निवडली आणि यंत्रानं स्वतःच शब्द पुढे केला, तेव्हा त्याला कळलं. नंतर त्यानं विचारलं, “हे सगळं माझ्या मोबाइलमध्ये टाकलं तर पटकन होईल ना?” या एका प्रश्नासाठीच ती तालीम महत्त्वाची होती. मी गेल्यावर त्यानं तेच केलं असतं, आणि एखाद्या खोट्या ॲपनं सगळं उचललं असतं. दोन बटणांनी चोवीस शब्द भरायला वेळ लागला, पण शेवटी जुनीच शिल्लक पडद्यावर आली. आई बाजूला भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “म्हणजे ही पट्टी ज्याच्या हातात, पैसे त्याचे.” बरोबर तेच.

पंचविसावा गुप्त शब्द जोडायची सोय ट्रेझरमध्ये आहे. पट्टी चोराच्या हाती लागली तरी तो शब्द नसेल तर काही मिळत नाही. मी विचार करून ती वापरली नाही. माझ्या घरात चोरीपेक्षा विसरण्याची शक्यता जास्त आहे, आणि तो एक शब्द भावाला आठवला नाही तर पट्ट्यांचं मोल शून्य. ज्यांची रक्कम मोठी आहे, घरात येणं-जाणं फार आहे, त्यांनी मात्र विचार करावा. तालमीनंतर भावासाठी मराठीत एक पानाचं पत्र लिहून ठेवलं: यंत्र कसं दिसतं, कुणाला विचारायचं, कुणाला अजिबात सांगायचं नाही, टेलिग्रामवर ‘मदत करतो’ म्हणून येणारा प्रत्येक जण चोर समजायचा, आणि शब्द मोबाइल किंवा लॅपटॉपवर कधीही टाइप करायचे नाहीत. शब्द त्या पत्रात नाहीत.

मी वापरते त्या दोन्हींत मराठी नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. शब्दांच्या अधिकृत याद्या जपानी, कोरियन, चेक भाषेतही आहेत, मराठी-हिंदीत नाहीत. ज्याला इंग्रजी लिपी वाचता येत नाही त्यानं ही वाट एकट्यानं धरू नये, घरातलं एक शिकलेलं, विश्वासाचं माणूस सोबत घ्यावं.

ज्यांच्याकडे एकूण दहा-पंधरा हजारांचंच बिटकॉइन आहे त्यांनी सध्या यंत्र घेऊ नये. यंत्राचीच किंमत त्यातला मोठा भाग खाईल. फोनवरचं चावी आपल्याकडे ठेवणारं वॉलेट आणि नीट जपलेले बारा शब्द एवढं पुरे. रक्कम महिन्या-दोन महिन्यांच्या कमाईएवढी झाली की यंत्र घ्या, आणि त्याच आठवड्यात पट्ट्याही ठोकून घ्या.