शहापूरच्या मिस्त्रीमामांनी उठवलेला आमचा जुना डिशवॉशर

काकांनी १९९८ साली जर्मनीहून आणलेला डिशवॉशर टिळकवाडीच्या घरात ११ वर्षं बंद पडून होता. एका दुकानात तर न उघडताच "भंगारात घाला" म्हणाले. जीव तुटला.

शहापूरचे मिस्त्रीमामा मात्र दोन तास मांडी घालून बसले. पाणी उडवणाऱ्या पात्याची भोकं शिवणाच्या सुईनं मोकळी केली, तशा पांढऱ्या क्षाराच्या कपच्या त्यांच्या तळहातावर पडल्या. पंपाचं रबरी सील वाळून तडकलं होतं, ते मापाचं शोधून बसवलं. आमचं बोअरचं पाणी जड, आणि मिठाचा कप्पा कोरडा! आतलं रेझिन पाण्यातला चुना धरतं, मीठ त्याला पुन्हा ताजं करतं, हे त्यांनीच समजावलं. जर्मनीतही वीज २३० व्होल्टचीच, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची भानगड नाही.

बहिणीचा नवा डिशवॉशर पाणी कमी घेतो, आवाजही कमी, हे खरंच. पण आमच्याची स्टीलची टाकी अजून धडधाकट आहे, आणि डायल टक्-टक् पुढं सरकताना ऐकलं की काका आठवतात. तुपकट वाट्या, आमटीचं पातेलं लख्ख निघतं. पितळेची भांडी मात्र हातानंच घासा.

खर्च २,४०० रुपये. सील यायला तीन आठवडे लागले, तेवढं धरून चला.